समोरचा आणि शेजारचा : पिस्तूल-नेमबाजीच्या छंदातील स्पर्धा आणि सख्य



शाळेच्या स्मृति-व्याख्यानमालेत मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने पिस्तूल आणि रिव्हॉल्वर यांविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी स्वतः आयुष्यात कधी पिस्तूल हाती धरलेले नाही, आणि या वयात धरण्याचा मानसही नाही. परंतु इंदुरात राहणाऱ्या माणसाला हा विषय परका नाही. येथून वीस-बावीस किलोमीटरवरील महूच्या छावणीत चांदमारीचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आला आहे. त्या गावाने आपल्या देशाला एक ऑलिम्पिक पदकही मिळवून दिले. त्याविषयी पुढे बोलूच.

मला या विषयाकडे ओढले ते एका शब्दाने. ‘प्रतिस्पर्धी’ हा तो शब्द. आपण त्याचा अर्थ सहजच ‘विरुद्ध बाजूचा’ असा करतो. कुस्तीत तो समोर उभा असतो, बुद्धिबळात पटापलीकडे बसलेला असतो. नेमबाजीच्या मैदानावर मात्र प्रतिस्पर्धी शेजारी उभा असतो. दोघांची तोंडे एकाच दिशेला असतात, प्रत्येकाचे लक्ष्य निराळे असते आणि एकाला दुसऱ्याचा नेम बिघडवता येत नाही. समोरचा माणूस शेजारी कसा आला, हीच या खेळाच्या इतिहासातील खरी कथा आहे, असे मला वाटते. आज तीच आपणांसमोर मांडावयाची आहे.

द्वंद्वाचा वारसा

पिस्तुलाचा ‘सभ्य’ वापर म्हणून युरोपने जो प्रकार मान्य केला होता, तो द्वंद्वयुद्धाचा. अपमान झाला की आव्हान द्यावे, साक्षीदार नेमावेत, पावले मोजावीत आणि एकमेकांवर गोळी झाडावी, असा तो रिवाज होता. हिंदुस्थानच्या इतिहासातील त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण कलकत्त्याचे आहे, आणि त्याचा धागा आपल्या प्रांतापर्यंत पोहोचतो. १७ ऑगस्ट १७८० रोजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या कौन्सिलातील सभासद फिलिप फ्रान्सिस हे पिस्तुले घेऊन समोरासमोर उभे राहिले. त्यांच्यातील वैमनस्य जुने होते. पण तात्कालिक ठिणगी पडली ती मराठ्यांशी चाललेल्या युद्धाच्या धोरणावरून. त्याच महिन्याच्या आरंभी कॅप्टन पॉपहॅमने ग्वाल्हेरचा किल्ला घेतला होता.

या दोन थोर मुत्सद्द्यांना पिस्तूल चालविण्याचा सराव जवळपास नव्हताच. हेस्टिंग्जची गोळी लागून फ्रान्सिस जखमी झाला. पण तो बरा झाला, विलायतेस परतला आणि हेस्टिंग्जवर महाभियोग चालावा म्हणून त्याने आपली सारी शक्ती वेचली. तो खटला १७८८ पासून १७९५ पर्यंत चालला. गोळी झाडूनही वैर संपले नाही, उलट लांबले. द्वंद्वात कौशल्याची खरी परीक्षाही होत नाही. तेथे जिंकणारा अधिक निष्णात असतोच असे नाही, आणि हरणाऱ्याला पुढच्या वेळी सुधारण्याची संधी मिळेलच याची शाश्वती नसते.

छंदिष्टांचे मंडळ

सॅम्युअल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत आपल्या रिव्हॉल्वरचे पेटंट घेतले. एकदा भरले की फिरत्या चक्रातून पाच-सहा गोळ्या लागोपाठ झाडता येतील, असे हे हत्यार लढाईसाठी निघाले. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आणि इंग्लंडात त्याभोवती एक निराळाच वर्ग जमू लागला. ही पोटासाठी शस्त्र बाळगणारी माणसे नव्हती. कामधंद्यातून वेळ काढून ठराविक अंतरावरून कागदाच्या वर्तुळांवर नेम धरणे हा त्यांचा छंद होता. इंग्लंडात १८५९ साली नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना झाली. तिचा वार्षिक मेळावा प्रथम विम्बल्डन येथे भरे आणि १८९० पासून तो बिस्ले येथे भरू लागला. नाव रायफलचे असले, तरी रिव्हॉल्वरच्या चढाओढींनाही तेथे स्थान मिळाले.

या मंडळींचे अग्रणी म्हणून वॉल्टर विनान्सचे नाव घ्यावे लागते. तो अमेरिकन, जन्म सेंट पीटर्सबर्गचा, वास्तव्य इंग्लंडात. १९०१ साली त्याने रिव्हॉल्वर चालविण्याच्या कलेवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याने धावत्या हरणाच्या लक्ष्यावरील नेमबाजीत सुवर्णपदक मिळविले आणि १९१२ साली स्टॉकहोमला शिल्पकलेचे सुवर्णपदकही त्यालाच मिळाले. स्वतःला जे साधले ते ग्रंथरूपाने सर्वांपुढे ठेवणारा हा माणूस होता. ज्याच्याशी उद्या स्पर्धा करावयाची, त्यालाच आपली विद्या उघड करून सांगावयाची, ही वृत्ती द्वंद्वाच्या जगात संभवत नाही.

अथेन्समधील दोन भाऊ

या वृत्तीचा पहिला ठळक आविष्कार १८९६ साली अथेन्सला, आधुनिक ऑलिम्पिकच्या पहिल्याच पर्वात दिसला. बोस्टनचे जॉन आणि समनर पेन हे दोघे सख्खे भाऊ. समनर त्या वेळी पॅरिसमध्ये एका नामांकित बंदूकवाल्याकडे काम करीत होता. जॉनने त्याला तेथे गाठले आणि दोघेही पुढे अथेन्सला निघाले. कोणत्या जातीची पिस्तुले मान्य होतील याची कल्पना नसल्याने त्यांनी बरोबर अनेक शस्त्रे आणि साडेतीन हजारांवर काडतुसे घेतली होती. प्रत्यक्षात त्यांपैकी शंभरसुद्धा वापरावी लागली नाहीत.

कॅलिथिया येथील मैदानावर ग्रीसच्या राणी ओल्गा यांच्या हस्ते पहिला बार झाला. पंचवीस मीटरवरील लष्करी पिस्तुलाच्या स्पर्धेत या भावांनी कोल्ट रिव्हॉल्वर वापरली. जॉनला ४४२ गुण मिळाले, समनरला ३८०, आणि बाकीचे सारे कितीतरी मागे राहिले. ऑलिम्पिकच्या एका स्पर्धेत पहिला आणि दुसरा क्रमांक सख्ख्या भावांनी पटकाविल्याचा हा पहिला प्रसंग. मात्र महत्त्वाची गोष्ट याच्यापुढची आहे. पहिली स्पर्धा जो जिंकेल त्याने पुढच्या स्पर्धेतून माघार घ्यावी, असे त्यांनी आपसांत ठरविले होते, अशी नोंद आहे. त्याप्रमाणे जॉन बाजूला झाला आणि तीस मीटरवरील स्पर्धा समनरने जिंकली.

येथे कोणी म्हणेल, ही तर घरातल्या घरात केलेली वाटणी झाली. आक्षेप रास्त आहे. पण पहिल्या स्पर्धेत ते दोघे एकमेकांविरुद्ध मन लावून खेळले, हे त्यांचे गुणच सांगतात. स्पर्धा करताना पूर्ण करावयाची आणि ती संपल्यावर दुसऱ्यासाठी जागा सोडावयाची, ही रीत त्या भावांनी पाळली.

द्वंद्वाची सावली मावळते

अर्थात समोरच्या माणसावर नेम धरण्याची जुनी सवय एका दिवसात सुटली नाही. अथेन्सलाच १९०६ साली भरलेल्या खेळांत द्वंद्वाच्या पिस्तुलांची स्पर्धा होती, आणि तिचे लक्ष्य म्हणून फ्रॉक कोट घातलेला माणसाचा पुतळा उभा केला होता. १९०८ साली लंडनला तर याहून चमत्कारिक प्रयोग झाला. पॅरिसमध्ये मेणाच्या गोळ्यांनी लुटूपुटूचे द्वंद्व खेळण्याची टूम निघाली होती. जाड कोट आणि तोंडावर मुखवटा चढवून खेळाडू एकमेकांवर खरोखरच बार काढीत. ऑलिम्पिकच्या निमित्ताने त्याचे प्रात्यक्षिक दाखविण्यात आले, आणि विनान्स हा या खेळाचा मोठा पुरस्कर्ता होता.

तो प्रकार पुढे ऑलिम्पिकमध्ये टिकला नाही. टिकली ती शेजारी-शेजारी उभे राहून स्वतंत्र लक्ष्यांवर नेम धरण्याची पद्धत. जलद पिस्तूल-नेमबाजीत माणसाच्या आकृतीची पाच लक्ष्ये पुढे बरीच वर्षे राहिली. ती ठराविक सेकंदच समोर वळत आणि तेवढ्यात पाचही आकृत्यांवर एकेक गोळी झाडावी लागे. म्हणजे द्वंद्वाची आठवण पुठ्ठ्यात शिल्लक राहिली, आणि जिवंत प्रतिस्पर्धी तेथून निघून शेजारी येऊन उभा राहिला.

कारोली टाकाच

याच जलद पिस्तुलाच्या प्रकारात या खेळातील सख्याचे सर्वांत सुंदर उदाहरण घडले. बुडापेस्टचा कारोली टाकाच १९१० साली जन्मला. हंगेरीच्या सैन्यातील हा सार्जंट उत्तम नेमबाज होता. परंतु १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकसाठी त्याची निवड झाली नाही. सनदी अधिकाऱ्यांखेरीज इतरांना संघात घ्यावयाचे नाही, असा नियम होता. पुढे तो नियम उठला. तोच १९३८ साली सरावाच्या वेळी सदोष हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात, म्हणजे नेमाचाच हात, निकामी झाला.

महाभारताशी परिचित असलेल्या कोणालाही येथे एकलव्याची आठवण होईल. एकलव्याला जन्मामुळे विद्या नाकारली गेली, टाकाचला हुद्द्यामुळे संघ नाकारला गेला. एकलव्याचा अंगठा गेला, टाकाचचा हात. परंतु एकलव्याचा अंगठा घेतला गेला तो अर्जुनाला तुल्यबळ कोणी उरू नये म्हणून. स्पर्धेच्या भीतीने स्पर्धकच नाहीसा करण्याची ती गोष्ट आहे, आणि तिची खंत आपली परंपरा आजतागायत बाळगून आहे. टाकाचच्या कथेचा शेवट निराळा झाला. इस्पितळातून बाहेर पडल्यावर त्याने कोणालाही न सांगता डाव्या हाताने सराव आरंभिला. १९३९ च्या वसंतात तो राष्ट्रीय स्पर्धेला आला, तेव्हा सहकाऱ्यांना वाटले की बिचारा आपला खेळ पाहावयास आला आहे. पाहावयास नव्हे, खेळावयास आलो आहे, असे त्याने सांगितले आणि ती स्पर्धा जिंकली.

त्यानंतर महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिम्पिके झालीच नाहीत. १९४८ साली लंडन ऑलिम्पिकची नेमबाजी बिस्ले येथेच झाली. टाकाच तेव्हा अडतीस वर्षांचा होता. जगज्जेता होता अर्जेंटिनाचा कार्लोस दियास साएन्स वालिएन्ते. स्पर्धेपूर्वी त्याने टाकाचला विचारले, आपण येथे कशासाठी आलात? टाकाच म्हणाला, शिकण्यासाठी. मग त्या डाव्या हाताने ६०० पैकी ५८० गुणांचा विश्वविक्रम केला. दियास ५७१ गुणांवर दुसरा आला. पदक-समारंभाच्या वेळी त्याने टाकाचला म्हटले, आपण पुरेसे शिकला आहात.

हा किस्सा नेमबाजांच्या जगात वर्षानुवर्षे सांगितला जातो. त्यातील विनोद तर गोड आहेच. पण त्याहून मोलाची गोष्ट अशी की, जगज्जेतेपद ज्याच्याकडून हिरावले गेले तो माणूस हे वाक्य बोलू शकला. त्याच्या समोर कोणी उभा नव्हता. त्याने आपल्या लक्ष्यावर आपला खेळ केला होता, शेजाऱ्याने त्याहून चांगला केला, आणि त्या खेळाची खरी किंमत जाणणारा त्या मैदानावर त्याच्याइतका दुसरा कोण होता?

चार वर्षांनी हेलसिंकीला टाकाच पुन्हा जिंकला, ५७९ गुणांनी. जलद पिस्तुलाचे ऑलिम्पिक सुवर्ण लागोपाठ दोनदा त्याच्याआधी कोणी मिळविले नव्हते. त्या वेळी रौप्यपदक मिळाले सिलार्ड कुन या सतरा वर्षांच्या मुलाला, ५७८ गुणांवर. आणि तो टाकाचच्याच हाताखाली तयार झालेला होता. गुरु आणि शिष्य एकाच ओळीत उभे होते आणि त्यांच्यात अंतर राहिले एका गुणाचे. गुरूने शिष्यासाठी एक गोळी मुद्दाम चुकविली नाही, आणि शिष्याला आपल्या बरोबरीला आणून ठेवण्यातही हात आखडता घेतला नाही. शिक्षकी पेशातील माणसांना याहून वेगळा आदर्श कोणता सांगावा? दियास त्या वेळी ५७७ गुणांवर चौथा आला. तोही टाकाचला म्हणाला, आता आपण निवृत्त व्हा आणि मला शिकवा.

सख्याच्या मर्यादा

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबता कामा नये. या बंधुभावाला कुंपणे होती. हुद्द्याचे कुंपण आपण पाहिलेच. स्त्रियांना ऑलिम्पिकच्या नेमबाजीत १९६८ साली प्रथम प्रवेश मिळाला, आणि पिस्तुलाची स्वतंत्र स्पर्धा मिळण्यास १९८४ उजाडले. त्या वर्षी लॉस एंजेलिसला कॅनडाची लिंडा थॉम आणि अमेरिकेची रूबी फॉक्स यांचे गुण समान झाले आणि सुवर्णपदकाचा निर्णय जादा फेरीत लागला. बरोबरीचे खेळाडू तयारच होते, असे त्यावरून म्हणावे लागते; उशीर झाला होता तो दार उघडण्याला.

दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन येथील प्राथमिक शाळेत एक माणूस शिरला आणि त्याने सोळा बालके व त्यांच्या शिक्षिका यांची हत्या केली. त्याच्याजवळची पिस्तुले आणि रिव्हॉल्वर रीतसर परवान्याची होती, आणि तो पिस्तूल-क्लबांत वावरलेला होता. परिणामी १९९७ साली ग्रेट ब्रिटनने जवळजवळ सर्वच पिस्तुले खाजगी व्यक्तींना निषिद्ध केली. बिस्लेच्या देशात या छंदाची परंपराच खंडित झाली. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये या स्पर्धा घेण्यासाठी खास सवलत द्यावी लागली. कित्येक प्रामाणिक छंदिष्टांना ही बंदी अन्यायाची वाटली. परंतु शाळेच्या या सभागृहात उभे राहून मी एवढेच म्हणेन, की सोळा मुलांपुढे कोणाच्याही छंदाचे पारडे जड होऊ शकत नाही. मैदानावरील मैत्री शस्त्राचे मूळचे स्वरूप पालटीत नाही. ती फक्त त्याला नियमांत बांधते. शेजारी उभा राहणारा माणूस कोण आहे, त्याच्या मनात काय चालले आहे, याची जाण ठेवणे हादेखील सख्याचाच भाग आहे, आणि तो चुकला तर उरलेल्या सौजन्याला अर्थ राहत नाही.

महू आणि कोल्हापूर

आता आपल्या घराकडे वळू. ३ ऑगस्ट २०१२ रोजी लंडनला भारतीय सैन्यातील सुभेदार विजय कुमार यांनी पंचवीस मीटर जलद पिस्तुलात रौप्यपदक मिळविले. अंतिम फेरीत क्यूबाच्या लेउरिस पुपोचे ४० पैकी ३४ नेम लागले, विजय कुमार यांचे ३०. मूळचे हिमाचल प्रदेशाचे विजय कुमार तयार झाले ते महूच्या लष्करी नेमबाजी केंद्रात, रशियन प्रशिक्षक पावेल स्मिरनोव यांच्या मार्गदर्शनाखाली. प्रकार टाकाचचाच होता आणि शहरही तेच, लंडन. १९३६ साली हंगेरीत ज्या प्रकारच्या सैनिकाला हुद्द्याअभावी संघाबाहेर राहावे लागले, तसा शिपाईपदापासून चढत आलेला सैनिक २०१२ साली भारताच्या वतीने त्याच खेळात पदक घेत होता. सहा तपांत एवढे अंतर कापले गेले.

मराठी माणसाला याहून जवळचे नाव कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे. २०१८ च्या आशियाई खेळांत पालेम्बांग येथे पंचवीस मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत त्यांचे आणि थायलंडच्या नाफास्वान यांगपायबून यांचे प्रत्येकी ३४ नेम लागले. जादा फेरी झाली, तीतही बरोबरी. दुसऱ्या जादा फेरीत राही जिंकल्या आणि आशियाई खेळांत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. दोघींना वेगळे करण्यास एवढा वेळ लागावा, हा पराभूत खेळाडूचाही मोठाच गौरव आहे. राहींच्या प्रशिक्षक होत्या मुंखबायार दोर्जसुरेन. त्यांनी याच प्रकारात १९९२ साली मंगोलियासाठी आणि २००८ साली जर्मनीसाठी ऑलिम्पिक कांस्यपदक मिळविले होते. काल ज्या फळीत खेळावयाचे, आज त्याच फळीतील दुसऱ्या देशाच्या मुलीला घडवावयाचे. दियासने टाकाचजवळ विनोदाने मागितले ते येथे सहज व्यवहार होऊन बसले आहे.

समारोप

मित्रहो, या साऱ्यातून शाळेने काय घ्यावे? विद्यार्थ्यांच्या हाती पिस्तुले द्यावीत असे मला म्हणावयाचे नाही, हे सांगावयास नकोच. परंतु आपल्या शाळाशाळांतून स्पर्धेविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना स्पर्धा म्हणजे सर्वस्व वाटते. गुणपत्रिकेवर शेजारच्या बाकावरील मुलाचे गुण आधी पाहिले जातात, आणि त्याला वही द्यावयाची नाही अशी शिकवण घरातूनच मिळते. उलट काहींना स्पर्धा म्हणजे पाप वाटते आणि क्रमांकच काढू नयेत असे ते म्हणतात. नेमबाजांचा इतिहास तिसरी वाट दाखवितो. तेथे गुण अत्यंत काटेकोरपणे मोजले जातात, एका गुणाचीही गय नसते. आणि तरीही शेजारच्याचे नुकसान करून स्वतःचा एकही गुण वाढत नाही. वर्गाची रचना तशीच आहे. बाकावरची मुले एकमेकांसमोर बसत नाहीत. ती शेजारी बसतात आणि सर्वांची तोंडे फळ्याकडे असतात. शेजाऱ्याला वही दिल्याने आपले लक्ष्य हलत नाही, हे त्यांना उमगले की परीक्षेतील चढाओढ आपोआप निकोप होते.

ज्या गुरुजनांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांनी आपल्याहून हुशार विद्यार्थी घडविण्यात कधी कमीपणा मानला नाही. आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थी त्याची साक्ष देतील.